लेबलामागची वही

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व आयुक्त,
फेडरल ट्रेड कमिशन,
वॉशिंग्टन डी. सी.

विषय : फरच्या कपड्यांवरील लेबले आणि विक्रेत्यांनी राखावयाच्या नोंदी.

फरचा कपडा विकणाऱ्याने तो कोणत्या प्राण्याच्या कातड्यापासून शिवला आहे हे ग्राहकाला लेखी सांगितलेच पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेत ८ ऑगस्ट १९५१ रोजी ‘फर प्रॉडक्ट्स लेबलिंग ॲक्ट’ या कायद्याने प्रस्थापित झाले आणि वर्षभराने त्याची अंमलबजावणी सुरू होऊन ती जबाबदारी आयोगाकडे आली. कायद्याच्या परिभाषेत फर म्हणजे केस, लोकर किंवा तत्सम तंतू ज्याला अजून चिकटलेले आहेत असे कातडे. केस पूर्णपणे काढून ज्याचे चामडे होते ते या व्याख्येबाहेर राहते. सत्तर वर्षांहून अधिक काळ या कायद्याची ओळख लोकांना कोटाला लावलेल्या लहानशा लेबलातून होत आली आहे, आणि त्याविषयीची चर्चाही बहुधा त्या लेबलाभोवतीच फिरत राहिली. त्या लेबलावरचे विधान खरे की खोटे हे जिच्यावरून ठरते, ती विक्रेत्याच्या दफ्तरातली नोंदवही मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडते. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे आहे की या कायद्याचे खरे बळ त्या वहीत आहे, आणि आज फरच्या व्यापारातली फसवणूक जिथे होते तिथपर्यंत ही वही पोहोचतच नाही.

कायदा का करावा लागला हे ध्यानात घेतल्याशिवाय वहीचे महत्त्व कळणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या फर-बाजारात सशाच्या कातड्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे जवळजवळ अशिष्ट मानले जात असे. तेच कातडे कातरून, रंगवून ‘लॅपिन’, ‘कोनी’, ‘सीलाइन’, ‘बीव्हरेट’ अशा नावांनी काचेच्या कपाटात येई. मस्करॅट हा उत्तर अमेरिकेतल्या दलदलींत राहणारा, उंदराच्या जातकुळीतला प्राणी; त्याच्या कातड्यावरचे लांब राठ केस उपटून, खालची मऊ लव कातरून आणि काळी रंगवून जो माल तयार होई तो ‘हडसन सील’ म्हणून विकला जाई, आणि हडसन उपसागर व सील हे दोन्ही शब्द ऐकून ग्राहक दाम मोजून मोकळा होई. रंगाऱ्याची कला ही या व्यापारातली फार जुनी आणि खरोखर अवघड कला आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच होता की कलेची किंमत प्राण्याच्या नावाखाली वसूल केली जात होती. म्हणून १९५१च्या कायद्याने आयोगाला प्राण्यांच्या नावांची एक अधिकृत सूची, म्हणजे ‘फर प्रॉडक्ट्स नेम गाइड’, तयार करण्याचा आदेश दिला आणि त्या सूचीत नसलेले नाव लेबलावर, बीजकावर किंवा जाहिरातीत वापरण्यास बंदी केली.

लेबलावर काय असावे याचे तपशील व्यापाऱ्यांना परिचित आहेत, तरी सामान्य वाचकासाठी ते थोडक्यात सांगणे इष्ट आहे. सूचीतले प्राण्याचे नाव असावे लागते. शिवाय फर नैसर्गिक रंगाची आहे, की रंगवलेली, विरंजित म्हणजे रसायनाने रंग उडवलेली, की ‘पॉइंटेड’ म्हणजे वरून दुसरे केस चिकटवून अधिक किमती प्राण्यासारखी दिसेल अशी केलेली, हे सांगावे लागते. पंजे, शेपट्या, पोट, बगला, कान, गळा किंवा शिलकीचे तुकडे यांपासून कपडा पूर्णतः वा बऱ्याच अंशी बनला असेल तर तेही उघड करावे लागते, आणि ‘बऱ्याच अंशी’ याचा अर्थ पृष्ठभागाचे १० टक्के किंवा अधिक क्षेत्र असा नियमानेच लावून दिला आहे. पूर्वी कोणी अंगावर घातलेली फर असेल तर ती वापरलेली असल्याचा उल्लेख, उत्पादक, आयातदार किंवा विक्रेत्याचे नाव अथवा आयोगाने दिलेला नोंदणी क्रमांक, आणि फर आयात केलेली असेल तर तिचा मूळ देश हे घटकही असावे लागतात. यातला मूळ देश हा शब्द अनेकांना चकवतो. कोट कुठे शिवला याच्याशी त्याचा संबंध नसून प्राणी कुठे वाढवला किंवा पकडला गेला याच्याशी आहे, त्यामुळे फिनलंडमधल्या कोल्ह्याच्या कातड्यांचा कोट चीनमध्ये शिवून न्यूयॉर्कमध्ये विकला तरी फरचा देश फिनलंडच राहतो.

आता अडचण अशी की या विधानांपैकी बहुतेकांची शहानिशा कपड्याकडे पाहून होत नाही. येवल्याची हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची पैठणी यांतला फरक पदर उलटून पाहणाऱ्या जाणत्या डोळ्याला कळतो, कारण विणीचा पुरावा वस्त्रातच राहिलेला असतो. फरच्या बाबतीत मात्र कमावणे, कातरणे, उपटणे आणि रंगवणे या चार प्रक्रिया पुरावा एकेक करून पुसत जातात. राठ संरक्षक केस शिल्लक असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरचे खवले आणि आतला गाभा पाहून प्राण्याचे कूळ सांगता येते, पण कातरलेल्या फरमध्ये नेमके तेच केस गेलेले असतात. डीएनए तपासणीचा मार्ग आहे, परंतु कमावण्याच्या व रंगवण्याच्या रसायनांनी डीएनए इतका खंडित झालेला असतो की निष्कर्ष दर वेळी हाती लागेलच असे नाही. प्राणी कोणत्या देशातला होता हे तर सूक्ष्मदर्शक सांगूच शकत नाही. पायघोळ मिंक कोटाला कित्येक डझन कातडी लागतात, ती लिलावात रंग, पोत आणि आकार जुळवून लावलेल्या गठ्ठ्यांतून विकत घेतली जातात, आणि एका गठ्ठ्यात अनेक पशुपालकांची कातडी एकत्र आलेली असू शकतात. अशा मालाविषयी खात्रीने बोलू शकणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे कागद.

कायदा करणाऱ्यांना हे पुरते कळले होते, याचे प्रत्यंतर त्यांनी घातलेल्या नोंदींच्या अटींत मिळते. फरचा किंवा फरच्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्याने प्रत्येक नगाला क्रमांक किंवा खूण द्यावी, ती खरेदी-विक्रीच्या कागदांशी जुळावी, लेबलावर सांगितलेली प्रत्येक गोष्ट नोंदीत असावी आणि ही नोंद किमान तीन वर्षे जपून ठेवावी, असा दंडक आहे. नोंद न ठेवणाऱ्यास मूळ कायद्यात दर दिवसाला १०० डॉलर दंड सांगितला होता आणि ती रक्कम पुढे महागाईच्या प्रमाणात वाढवण्यात आली. जाणूनबुजून कायदा मोडणाऱ्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद सांगितली होती. चुकीचे लेबल एका कोटापुरते असते, पण वहीच नसेल तर दुकानातला प्रत्येक कोट संशयित ठरतो, म्हणून वहीसाठी दररोजच्या हिशेबाने दंड ठेवण्यात एक तर्कशुद्धता होती.

लेबल बदलण्याच्या तरतुदीतही हीच दृष्टी दिसते. मोठी दुकाने पुरवठादाराचे नाव ग्राहकाला कळू देत नाहीत. त्यांना स्वतःच्या नावाचे लेबल लावायचे असते आणि कायदा त्याला मुभा देतो. मात्र जे लेबल काढले त्यावर काय लिहिले होते आणि माल कोणाकडून आला याची नोंद बदलणाऱ्याने ठेवलीच पाहिजे. म्हणजे ग्राहकाला दिसणाऱ्या शेवटच्या लेबलामागे आधीच्या लेबलांची एक अदृश्य साखळी उभी असते, आणि आयोगाच्या तपासनीसाने ती उलट्या दिशेने पकडत गेल्यास तो कातडी विकणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. निदान कायद्याच्या पुस्तकात तरी पोहोचतो.

या साखळीला दीर्घकाळ एक मोठी फट होती. कपड्यावरची फर १५० डॉलरपेक्षा जास्त किमतीची नसेल तर तिला लेबलातून सूट होती. टोपडे असलेल्या जाकिटाची झालर, हातमोज्याची किनार, लोकरीच्या टोपीवरचा गोंडा हे सारे या सुटीत बसत असे, आणि स्वस्त फरच्या दृष्टीने पाहिले तर १५० डॉलरमध्ये एक नव्हे तर अनेक सशांची कातडी मावत असत. ‘ट्रुथ इन फर लेबलिंग ॲक्ट’ या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १८ डिसेंबर २०१० रोजी स्वाक्षरी केली आणि मार्च २०११ पासून ही सूट संपली. शिकाऱ्याने वा सापळे लावणाऱ्याने स्वतः मिळवलेली फर आपल्या घरी किंवा हस्तकलेच्या जत्रेत समोरासमोर विकली, आणि तो त्याच्या उत्पन्नाचा मुख्य मार्ग नसला, तर तेवढी सवलत ठेवण्यात आली. ही सवलत योग्य आहे. अलास्कातल्या एखाद्या म्हाताऱ्याने स्वतः शिवलेल्या हातमोज्यांसाठी खतावणी लिहीत बसावे अशी अपेक्षा कोणी सुबुद्ध माणूस करणार नाही. २०१४ मध्ये आयोगाने नियमांची डागडुजी केली तेव्हा लेबलाच्या ठरावीक लांबी-रुंदीचा आग्रह सोडून ते ठळक आणि ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत टिकणारे असावे एवढीच अट ठेवली, हेही शहाणपणाचे होते. गोंड्याला कोटाएवढे लेबल लावणे हास्यास्पदच ठरले असते.

परंतु याच काळात फसवणुकीने दिशा बदलली होती, आणि पत्राचा मुख्य विषय इथून सुरू होतो. १९५१चा कायदा स्वस्त प्राणी महाग प्राण्याच्या नावाने विकला जाऊ नये म्हणून झाला. एकविसाव्या शतकात खरी फर कृत्रिम म्हणून विकली जाऊ लागली. याची कारणे व्यापाराला ठाऊक आहेत. प्राण्यांविषयीच्या भावनेमुळे अनेक ग्राहक खऱ्या फरकडे पाठ फिरवतात, तेव्हा ‘नकली फर’ हेच विक्रीचे बलस्थान बनते. दुसरीकडे पिंजऱ्यात वाढवलेल्या सशाची किंवा रॅकून डॉगची फर, विशेषतः छोट्या तुकड्यांच्या रूपात, चांगल्या प्रतीच्या कृत्रिम फरच्या तुलनेत महाग पडतेच असे नाही. पुरवठादार जे हाताशी असेल ते लावतो, विक्रेता विचारत नाही, आणि संकेतस्थळावर वर्णन लिहिणारा कारकून छायाचित्र पाहून ‘कृत्रिम’ लिहितो.

मार्च २०१३ मध्ये आयोगानेच नीमन मार्कस, डॉक्टरजेज आणि रिव्हॉल्व्ह क्लोदिंग या नावाने व्यवहार करणारी एमिनेंट कंपनी या तीन विक्रेत्यांशी तडजोडीचे आदेश जाहीर केले, कारण त्यांच्या विक्री-वर्णनांत खऱ्या फरला कृत्रिम म्हटले होते. नीमन मार्कसच्या प्रकरणात तर सशाच्या फरला मिंक म्हणण्याचा जुना दोषही सापडला, त्यामुळे १९५१ची फसवणूक आणि २०१३ची फसवणूक एकाच तक्रारीत शेजारी बसली. आदेशांची मुदत वीस वर्षांची होती. ब्रिटनमध्येही २०१७च्या सुमारास नकली म्हणून विकलेल्या टोप्या, बूट आणि गोंड्यांत खरी फर आढळल्याच्या बातम्या आल्या आणि तिथल्या संसदेच्या पर्यावरण, अन्न व ग्रामीण विषयांच्या समितीला २०१८ मध्ये फर-व्यापारावर स्वतंत्र अहवाल द्यावा लागला. म्हणजे हा एखाद्या निष्काळजी दुकानाचा प्रश्न नव्हता.

या उलट्या फसवणुकीपुढे नोंदवहीची व्यवस्था कशी निष्प्रभ होते ते पाहावे. नोंदी राखण्याचे कर्तव्य फरचा व्यापार करणाऱ्यावर आहे. जो विक्रेता आपला माल फर नाहीच असे समजतो, किंवा तसे समजत असल्याचे दाखवतो, तो नगाला क्रमांक देत नाही, प्राण्याचे नाव विचारत नाही आणि मूळ देश लिहीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्याच्यापुढे आहे ते ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. आयोगाने कागद मागितला तर त्याच्याकडे ‘महिलांचे जाकीट, टोपड्यासह’ एवढ्या मजकुराचे बीजक असते. थोडक्यात, कायदा सर्वाधिक कागद त्याच्याकडून मागतो जो खरे बोलून फर विकतो, आणि ज्याच्या मालात फर लपलेली आहे त्याच्याकडून काहीच मागत नाही. कायदा मोडणारे विक्रेते यात निर्दोष ठरत नाहीत हे खरे. ते दोषी ठरतातच, पण कोणीतरी जाकीट विकत घेऊन, झालर कापून प्रयोगशाळेत पाठवल्यावर. उपरोल्लेखित तीन प्रकरणांना सुरुवात झाली ती एका प्राणिरक्षक संस्थेने आयोगाकडे केलेल्या अर्जाने. दफ्तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती ती लागलेली नव्हती.

हमीपत्राच्या तरतुदीने हा पेच आणखी घट्ट होतो. कायद्याच्या दहाव्या कलमानुसार विक्रेत्याने अमेरिकेत राहणाऱ्या पुरवठादाराकडून, माल खोट्या लेबलाचा नाही असे लेखी हमीपत्र सद्‌भावनेने घेतले असेल, तर लेबलातील खोटेपणाची शिक्षा विक्रेत्याला होत नाही. हमी देणारा जबाबदार धरला जातो. परदेशातून थेट माल आणणाऱ्याला असे हमीपत्र मिळण्याची सोय नव्हती, कारण हमी देणारा देशात हजर हवा. ही विषमता दूर करण्यासाठी आयोगाने जानेवारी २०१३ मध्ये एक धोरण जाहीर केले, ज्यानुसार थेट आयात करणाऱ्या किरकोळ विक्रेत्याने पुरवठादाराच्या विधानात स्वतःची भर घातली नसेल, माल स्वतःच्या नाममुद्रेखाली विकला नसेल, आणि दोष त्याला माहीत नसेल किंवा माहीत असायला हवा असे म्हणण्याजोगी परिस्थिती नसेल, तर त्याच्यावर कारवाई केली जाणार नाही. न्यायाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण यातली ‘माहीत असायला हवे’ ही अट कोणत्या कागदावरून पारखायची हे मात्र कुठेच ठरलेले नाही, आणि जो विक्रेता कधीच काही विचारत नाही त्याला अज्ञानाचा लाभ सहज मिळू शकतो. ज्या व्यवस्थेत प्रश्न विचारणारा अडकतो आणि न विचारणारा सुटतो, तिथे हळूहळू कोणीच प्रश्न विचारत नाही.

नावांच्या सूचीतही आयोगाने एक जागा मुद्दाम धूसर ठेवली आहे, आणि तिचा संबंध याच विषयाशी येतो. निक्टेर्युटिस प्रोसिओनॉइडिस हा पूर्व आशियातला प्राणी श्वानकुलातला आहे. इंग्रजीत त्याला सर्वत्र ‘रॅकून डॉग’ म्हणतात, आणि जाकिटांच्या टोपड्यांना लावल्या जाणाऱ्या फरमध्ये तो फार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. आयोगाच्या सूचीत मात्र त्याचे नाव ‘एशिॲटिक रॅकून’ आहे. खरा रॅकून हा उत्तर अमेरिकेतला, वेगळ्याच कुलातला प्राणी आहे. कायद्याच्या सातव्या कलमात प्राण्याचे खरे इंग्रजी नाव सूचीत यावे आणि ते नसेल तरच ज्या नावाने तो अमेरिकेत नीट ओळखता येईल ते घ्यावे असा क्रम दिलेला असताना, ज्याला खरे इंग्रजी नाव आहे अशा प्राण्याला दुसऱ्याच कुलाचे नाव देणे त्या क्रमाशी जुळत नाही. ‘डॉग’ शब्द आल्यास पाळीव कुत्र्याचे कातडे असल्याचा गैरसमज होईल, असा युक्तिवाद जुन्या नावाच्या बाजूने केला जातो, आणि २०१४च्या दुरुस्तीतही ते नाव कायम राहिले. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या फरवर तर अमेरिकेने २००० सालीच स्वतंत्र कायदा करून आयात आणि विक्री बंद केली आहे, आणि जाणूनबुजून मोडल्यास प्रत्येक उल्लंघनामागे १०,००० डॉलरपर्यंत दंड ठेवला आहे; तेव्हा गैरसमज टाळण्याचा मार्ग ग्राहकाला अर्धे सांगण्यापेक्षा पूर्ण सांगण्याचाच असायला हवा. एका प्राण्याच्या बाबतीत आयोगानेच व्यापाराला सोयीचे नाव दिल्यावर ‘हडसन सील’ म्हणणाऱ्या जुन्या दुकानदाराला दोष देणे अवघड होते.

इतरत्र काय चालते याची तुलना या संदर्भात उपयोगी पडेल. युरोपीय संघाच्या २०११च्या वस्त्र-नियमांप्रमाणे कपड्यात प्राणिजन्य पण वस्त्र नसलेला भाग असल्यास तेवढे एक वाक्य लेबलावर लिहावे लागते. त्या वाक्यात मिंकची कॉलर, शिंगाचे बटण आणि चामड्याची पट्टी सारखीच बसते, म्हणून त्यातून प्राणी कोणता हे कळत नाही. त्या मानाने अमेरिकेचा कायदा खूपच स्पष्ट आहे. स्वित्झर्लंडने मात्र १ मार्च २०१३ पासून लागू केलेल्या फर-घोषणेच्या अध्यादेशात आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे प्राण्याची जात शास्त्रीय नावासह, मूळ देश, आणि फर शिकारीतून आली की पिंजऱ्यातल्या पालनातून, हेही सांगावे लागते, आणि २०२० पासून ‘खरी फर’ हे शब्दही लेबलावर असावे लागतात. यातले ‘खरी फर’ हे दोन शब्द आयोगाने विशेष लक्षात घ्यावेत. प्राण्याचे नाव ओळखता न येणाऱ्या ग्राहकालाही ते कळतात, आणि कृत्रिम म्हणवणाऱ्या मालाच्या विक्रेत्याला ‘हे शब्द आपल्या लेबलावर का नाहीत’ याचे उत्तर शोधावे लागते.

या प्रश्नाचा मराठी माणसाशी संबंध काय, असे कोणी विचारील. भारताच्या परकीय व्यापार महासंचालनालयाने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली, आणि महाराष्ट्राच्या हवेत फरच्या कोटाची गरजही नाही. पण न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन या राज्यांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पहिल्या हिवाळ्यात टोपड्याची जाकिटे घेतातच, आणि माळकरी किंवा जैन घरातून आलेल्या व्यक्तीला झालर खरी की नकली हा प्रश्न फॅशनचा वाटत नाही. तो आचाराचा असतो. अशी व्यक्ती ‘कृत्रिम’ या शब्दावर विसंबून पैसे देते, आणि आयोगाचे नियम तिच्यासाठीही आहेत. शिवाय भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या तयार कपड्यांना जेव्हा सशाच्या फरची किनार किंवा गोंडा लागतो तेव्हा तो कपडाही याच कायद्याखाली येतो. आयोगाचा नोंदणी क्रमांक अमेरिकेत व्यवसाय असणाऱ्यालाच मिळत असल्याने इथल्या निर्यातदाराला स्वतःचे नाव किंवा तिथल्या खरेदीदाराचा क्रमांक लेबलावर टाकावा लागतो, आणि किनार कुठून आली याची विचारणा झाली तर उत्तर देण्याची वेळ बहुधा त्याच्यावरच येते. भिवंडी, तिरुपूर किंवा लुधियानाचा कारखानदार कातडी खरेदीची पावती जपून ठेवतो की नाही, हे अमेरिकेतला खरेदीदार ती मागतो की नाही यावर ठरते, आणि खरेदीदार ती मागणार की नाही हे आयोग काय मागतो यावर.

म्हणून आयोगापुढे ठेवायची पहिली सूचना अशी की ‘कृत्रिम फर’ किंवा त्या अर्थाचे कोणतेही वर्णन करून केसाळ माल विकणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने त्या विधानाचा आधार, म्हणजे पुरवठादाराने तंतूचे नाव देऊन दिलेले लेखी विवरण, तीन वर्षे राखावा असे आयोगाने नियमात सांगावे. हा भार लहान नाही असे म्हटले जाईल. पण १९५८च्या वस्त्रतंतू-ओळख कायद्यानुसार कपड्यातल्या तंतूंची नावे व प्रमाण सांगण्याचे आणि त्यासंबंधीच्या नोंदी ठेवण्याचे कर्तव्य उत्पादकांवर आधीच आहे, त्यामुळे मागायचा आहे तो नवा कागद नव्हे, तर असलेल्या कागदाची झालरीपर्यंत वाढवलेली एक ओळ. प्रामाणिक विक्रेत्याला ही ओळ मिळवायला एक ईमेल पुरते. ज्याला ती मिळत नाही त्याने ‘कृत्रिम’ हा शब्द वापरू नये.

दुसरी सूचना इंटरनेटवरच्या बाजारपेठांविषयी आहे. जून २०२३ पासून लागू झालेल्या ‘इन्फॉर्म कन्झ्युमर्स ॲक्ट’ या कायद्यानुसार अशा बाजारपेठांना बारा महिन्यांत २०० किंवा अधिक व्यवहारांतून ५,००० डॉलर किंवा अधिक रकमेचा नवा माल विकणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या विक्रेत्यांची ओळख पडताळावी लागते. त्याची अंमलबजावणीही आयोगाकडेच आहे. विक्रेत्याचे बँक खाते आणि करक्रमांक तपासला जातो, पण त्याने आपला माल कोणाकडून घेतला हे विचारले जात नाही. गोंडे, किनारी आणि टोप्या विकणाऱ्यांपैकी मोठा भाग आज या बाजारपेठांतून विकतो आणि पुष्कळसा माल परदेशातून सुट्या पार्सलांनी येतो, तेव्हा ओळख पडताळण्याच्या वेळीच फर किंवा नकली फर विकणाऱ्याकडून खरेदीच्या कागदांविषयी एक निवेदन घेण्याचा मार्ग आयोगाने सुचवावा. कायद्यात बदल लागत असेल तर तो काँग्रेसकडे मागावा. प्रयोगशाळेत झालर कापून पाहण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

तिसरी बाब जुन्या फरची. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून नव्या फरच्या विक्रीवर बंदी घातली, पण वापरलेली फर विकण्यास मोकळीक ठेवून तिच्या विक्रीच्या नोंदी राखण्याची अट घातली. त्यामुळे ‘वापरलेली’ हा शब्द, जो संघीय लेबलावर आजवर मालाची किंमत कमी करणारा होता, तो तिथे विक्री शक्य करणारा शब्द झाला आहे, आणि नव्या कोटाला जुना म्हणण्याचा मोह प्रथमच निर्माण झाला आहे. फरचा कोट नीट ठेवल्यास माणसाच्या एका पिढीहून अधिक टिकतो, संघीय कायद्याची वही मात्र तीन वर्षांनी फाडता येते. पुनर्विक्री करणाऱ्या दुकानाने कोट कोणाकडून आला, त्यावर जुने लेबल होते का, आणि असल्यास त्यावर काय लिहिले होते, एवढे तीन रकाने भरावेत, आणि लेबल नसल्यास प्राण्याचे नाव कशावरून ठरवले तेही लिहावे, असा सोपा नमुना आयोगाने प्रसिद्ध केला तर आजीच्या कपाटातून निघालेला कोट आणि गेल्या हिवाळ्यात शिवलेला कोट यांच्यातला फरक निदान कागदावर राहील. नमुना एका पानाचाच असावा, कारण ही दुकाने चालवणारे लोक बहुधा एकटेच असतात आणि त्यांच्याकडे वकील नसतो.

कळावे.